दम घेणारा आवाज

१

वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालत असे, त्या काळची ही गोष्ट. कापसाचा मोसम सुरू झाला की मलकापूरच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कोणी कोणाशी तोंडानं बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता. इंजिनाची धडधड, पट्ट्यांची फडफड आणि ओळीनं मांडलेल्या रेच्यांची घरघर यांत माणसाचा आवाज ओठांवरच विरून जाई. रेचा म्हणजे सरकीपासून रुई वेगळी काढणारं यंत्र. एकेका रेच्यामागं एकेक बाई उभी राहून मुठीमुठीनं कापूस भरत असे. तहान लागली तर अंगठा ओठांना लावायचा, सुट्टी झाली का हे विचारायचं तर मनगट फिरवायचं. सगळं बोलणं हातांचं. जिनात तोंडाचा उपयोग एकाच कामासाठी होता, किंचाळायला.

आणि ती किंचाळी ऐकायला इंद्रभान होता.

मधल्या खांबापाशी एक लाकडी दांडी होती. ती ओढली की मोठा पट्टा रिकाम्या चाकावर सरके आणि सगळे रेचे थांबत. बायांच्या पायांमागून, जमिनीलगत, एक लांबलचक लोखंडी दांडा अखंड फिरत असे. त्याला सगळे लाट म्हणत. लुगड्याचा काठ लाटेत गेला, बोट रेच्यात गेलं, तर बाई ओरडणार आणि इंद्रभाननं दांडी ओढायची. बाकी दिवसभर नुसतं उभं राहायचं. काम सोपं होतं, पण मान मोठा होता. बाया त्याला भाऊ म्हणत. "भाऊ उभा हाये नं," म्हणत आणि निर्धास्त कामाला लागत.

त्या वर्षी, मोसम ऐन भरात असताना, एका संध्याकाळी तो घरी जेवायला बसला आणि बायकोला म्हणाला, "वच्छला, रातकिडा घुसला वाटते घरात. किती किरकिरून राह्यला."

वच्छलाबाईनं भाकरी थापता थापता कान दिला.

"कोठी? मले तं नाई ऐकू येत."

त्यानं फडताळामागं पाहिलं, पाण्याच्या रांजणाखाली पाहिलं. मग सहज डाव्या कानावर तळवा दाबला. बाहेरचा आवाज असता तर कमी झाला असता. तो वाढला.

२

दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, "हिवतापाचं कोयनेल घेतोस का?" इंद्रभान घेत होता. "मग त्यानंच कान वाजतात. बंद कर, थांबेल."

इंद्रभानला इतकं हायसं वाटलं की तो बाहेर येऊन हसला. त्यानं कोयनेल बंद केलं. किरकिर थांबली नाही. उलट हळूहळू बाकीचे आवाजच कमी होऊ लागले. आधी चिमण्या गेल्या. मग शेजारच्या जात्याची घरघर. डाव्या बाजूनं कोणी हाक मारली तर त्याला ती खांद्यावर हात पडल्यावरच कळे. पण जिनात राहून तो ओठ वाचायला शिकला होता. समोरच्याच्या तोंडाकडं पाहून तो नेमकं उत्तर देई, आणि कोणाला शंका आली नाही. वच्छलाबाईलासुद्धा नाही.

मुकादम रामराव याला सांगावं, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. रोज सकाळी तसं मनात येई. पण बहिऱ्याला दांडीवर कोण ठेवील? मग हमाली, बोजे वाहणं. भाऊपण जाणार. एवढा मोसम निघू दे, असं तो स्वतःला समजावी. उजवा कान तर चांगला आहे.

एकच गोष्ट तो मनात येऊ देत नसे. खांबापाशी उभं राहिलं की उजव्या हाताला इंजिन होतं. बाया सगळ्या डावीकडं होत्या.

३

शालूबाई शेवटून दुसऱ्या रेच्यावर होती. संग्रामपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातली. नवरा कडूबा गावी शेती पाही आणि ती मोसमापुरती मलकापुरात बहिणीकडं येऊन राही. हसरी, काटक बाई. संध्याकाळी जिनातून निघताना डोक्याला, भुवयांना रुई चिकटलेली असे. "भाऊ, पाहा, एका दिवसात म्हातारी झाली," असं ती इंद्रभानला म्हणे. तो ओठांवरून वाचे आणि हसे.

माघातली दुपार होती. इंद्रभान पट्ट्याकडं पाहत होता. जोडापाशी पट्टा जरा उसवला होता, आणि तो फेऱ्यागणिक कसा वर येतो ते पाहण्यात त्याची नजर अडकली होती. कानात किरकिर चालू होती. मग त्याला दिसलं की डावीकडच्या रांगेतली एक बाई दोन्ही हात वर करून नाचल्यासारखं करते आहे. तिचं तोंड उघडं होतं. मग दुसरीचंही. सगळ्या त्याच्याकडं पाहत होत्या.

त्यानं दांडी ओढली.

लाट थांबायला वेळ लागतो. थांबली तेव्हा शालूबाईचं लुगडं तिच्याभोवती दोरासारखं गुंडाळलेलं होतं. जवळ जायचं धैर्य पहिल्यांदा बायांनीच केलं.

चौकशीला साहेब आला. खुर्ची मांडून, सावलीत बसून त्यानं एकेकाला विचारलं. बाया म्हणाल्या, आमच्या कानात रेचे गरजत असतात, आम्ही वळून पाहिलं तेव्हा सगळं झालं होतं. इंजिनवाला म्हणाला, मी लांब होतो. मग इंद्रभानची पाळी आली.

"ती ओरडली होती?"

"मले काहीच ऐकू आलं नाई, साहेब."

शब्द न् शब्द खरा होता. साहेबानं लिहून घेतलं की बाईला ओरडायला वेळच मिळाला नाही. रामराव मुकादमानं इंद्रभानच्या पाठीवर हात ठेवला. भिंतीशी उकिडवा बसलेला कडूबा उठून त्याच्यापाशी आला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमी तरी काय करसान! तिनं आवाज देला असता तं तुमी थांबवलंच असतं."

इंद्रभाननं मान हलवली. हो म्हणायला हलवली की नाही म्हणायला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

४

कानातला आवाज बदलला तो त्यानंतर.

आधी तो बारीक होता, ईऽऽ असा, रातकिड्यासारखा. आता तो जाड झाला, खाली उतरला. लांबलचक ऊऽऽऽ. लांबून शंख फुंकावा तसा, पण शंखाचा दणका त्यात नव्हता. इंद्रभाननं मनाची समजूत घातली, आजार वाढतो तसा आवाज वाढतो, त्यात नवल काय. मोसम संपला, जिन बंद झालं, होळी आली. तो अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होता आणि एकाएकी त्याचा हात थांबला.

आवाज थांबला होता. क्षणभरच. मग परत सुरू झाला, ताज्या जोरानं. हळूहळू क्षीण होत गेला, थरथरला, थांबला. आणि पुन्हा.

कोणीतरी दम घेत होतं.

आपलाच श्वास असेल, त्यानं विचार केला. आपण श्वास घेतो तेव्हा कानात दडा बसतो, आवाज तुटतो. सरळ गोष्ट आहे. त्यानं तोंड मिटलं, नाक चिमटीत धरलं आणि बसून राहिला. छाती जड झाली, डोळ्यांपुढं लाल झालं. कानातला आवाज क्षीण झाला, थांबला, दम घेतला आणि पुन्हा सुरू झाला. त्यानं नाक सोडलं तेव्हा तो धापा टाकत होता. आवाज टाकत नव्हता.

"काऊन असं करून राह्यले?" वच्छलाबाई समोर येऊन विचारत होती. "तोंड निळं पडलं तुमचं."

"शिंक येऊन राह्यली होती," तो म्हणाला.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, पण ती त्यानं बरेच दिवस स्वतःशीही कबूल केली नाही. कान आपल्या डोक्यात असतो. डोकं फिरवलं की कानातला आवाजही बरोबर फिरायला हवा. हा फिरत नव्हता. इंद्रभान अंगणात उभा राहून एका पायावर हळूहळू वळे, पोरं खेळतात तसा. तोंड रस्त्याकडं केलं की आवाज पाठीमागं जाई, विहिरीकडं केलं की उजवीकडं येई. आवाज एकाच दिशेला होता. स्टेशनाच्या दिशेला. तिथंच जिन होतं.

५

ज्येष्ठात रेचे उघडून साफ करायचे, तेलपाणी करायचं, म्हणून रामरावनं त्याला बोलावलं. टळटळीत दुपार होती. रामराव बाहेर निंबाखाली खाटेवर पडला आणि किल्ली इंद्रभानच्या हातात दिली.

आतमध्ये पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या तिरिपा उतरल्या होत्या. कोळ्यांच्या जाळ्यांना गेल्या मोसमातली रुई लटकली होती. पट्टे काढून ठेवलेले, लाट निपचित. इंद्रभान दारात उभा राहिला आणि आवाज समोरून आला. एका पावलानं वाढला. आणखी एका पावलानं आणखी. तो तेलाचा डबा घेऊन रांगेच्या मधून चालत गेला, कारण परत फिरलं तर रामरावला काय सांगणार?

खांबापाशी पोचल्यावर आवाज बंद झाला.

किती महिन्यांनी! त्याला आपल्या धोतराची सळसळ ऐकू आली. पत्र्यावर कावळा चालला, त्याची नखं ऐकू आली. डाव्या कानानं ऐकू आली. इंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं खांबाला टेकून डोळे मिटले. इथंच राहावं, घरीच जाऊ नये, असं त्याला वाटलं. मग नेहमीच्या सवयीनं त्याचा हात दांडीवर गेला आणि त्यानं डावीकडं पाहिलं.

शेवटून दुसऱ्या रेच्यामागं उन्हाची तिरीप होती, आणि त्या तिरिपेत तरंगणारी रुई एका जागी दाट झाली होती. खांद्यांएवढ्या उंचीवर. वाऱ्याचा झोत असेल. पण आत वारा नव्हता. त्या पांढऱ्यात त्याला भुवया दिसल्या. भुवयांच्या खाली काय होतं त्याकडं त्यानं पाहिलं नाही. त्यानं, जिनातल्या सवयीनं, फक्त ओठ पाहिले.

ओठ गोल झाले होते. ते तसेच राहिले, मग थरथरले, मिटले, दम घेतला.

तेलाचा डबा पडल्याचा आवाज रामरावनं बाहेर ऐकला. तो आत आला तेव्हा इंद्रभान दांडी दोन्ही हातांनी ओढत होता. दांडीला पट्टाच नव्हता. ती नुसती मागं-पुढं होत होती.

"ऊन लागलं बे तुले," रामराव म्हणाला, आणि त्याला धरून बाहेर घेऊन गेला.

६

त्यानंतर इंद्रभान खचत गेला. आवाजाला आता दिशा उरली नव्हती. तो कानात येऊन बसला होता, जवळ, उबदार. पावसाळाभर तो डावा कान उशीत दाबून झोपे. वच्छलाबाईला वाटलं, कान ठणकतो आहे. भादव्यातल्या एका सकाळी तिनं तेलात लसणाच्या पाकळ्या कडकडवल्या, तेल कोमट होऊ दिलं आणि त्याला ओसरीवर आडवं पाडून त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"हालू नोका."

तिनं कापसाच्या बोळ्यानं थेंब सोडला आणि तो आत उतरला का हे पाहायला अगदी खाली वाकली. तिचा कान त्याच्या कानाजवळ आला.

इंद्रभानला तिची मांडी ताठ झालेली जाणवली. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तिनं त्याचं डोकं हळूच उचलून जमिनीवर ठेवलं आणि सरकत सरकत भिंतीपर्यंत गेली. तो उठून बसला. तिच्या ओठांकडं पाहू लागला.

"तुमच्या कानात कोन हाये?"

"तुले... तुले आवाज आला? ऊऽऽ असा?"

"नुसता ऊ नाई." प्रत्येक अक्षर त्याला तिच्या ओठांवर स्वच्छ दिसत होतं. "आंधी भा हाये. भाऽऽऊ म्हनते ते. बाईचा आवाज हाये."

इंद्रभाननं हात तोंडावर घेतला. इतके महिने त्यानं शेवट ऐकला होता. हाकेची सुरुवात त्याच्या कानानं कधी पकडलीच नव्हती.

"अवो, तुमी तं म्हनलं होतं, ते ओरडलीच नाई."

"मी म्हनलं, मले ऐकू नाई आलं."

मग ती उठली, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, त्याला दिसणार नाही अशी. काहीतरी बोलली असावी. तो तसाच बसून राहिला, समोर पाहत. काही वेळानं ती परत समोर आली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की इंद्रभाननं मान खाली घातली.

"कवापासून?" तिनं त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. "कवापासून ऐकू येत नाई तुमाले?"

"शालूबाई असतानीपासून. त्याच्याही आंधीपासून."

"आन तुमी दांडीवर उभे राह्यले."

"हाव."

"दिवाई झाली का माही कोकिळा त्याच रेच्यावर लागून राह्यली," वच्छलाबाई म्हणाली. कोकिळा तिची धाकटी बहीण. "रामराव मुकादमानं कालच निरोप देला. मी तिले म्हनलं, बिनघोर जाय, दांडीवर तुहे भाऊजीच हायेत."

७

इंद्रभान त्याच दिवशी रामरावकडं गेला. रामरावनं ऐकून घेतलं आणि हसला.

"जिनामंधी कोनाले ऐकू येते बे? मलेबी नाई येत. डोये उघडे ठेव, झालं."

"ते ओरडली होती, मुकादम."

रामरावचं हसू गेलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. "चौकशी झाली, मिटलं. आता काहाले उकरतं? तुह्या बोलल्यानं ते उठून येनार हाये काय?"

या प्रश्नावर इंद्रभान इतका विचित्र हसला की रामराव एक पाऊल मागं सरला. मग म्हणाला, "बरं. दांडीवर हिंमतरावले ठेवतो. तू दुसरं काम पाहाय. पन तोंड बंद ठेव."

इतकं झाल्यावर आवाज थांबेल अशी इंद्रभानला आशा होती. थांबला नाही. वच्छलाबाई आता त्याच्या डाव्या अंगाला जेवायला बसत नसे. पाणी द्यायचं तरी वळसा घालून उजवीकडून देई. एकदा त्यानं तिला पाहिलं, तो डुलकीतून जागा झाला तेव्हा ती त्याच्या कानापाशी वाकलेली होती. ओठ हलत होते. ती ऐकत नव्हती. बोलत होती.

"काय म्हनते ते?" त्यानं विचारलं.

"भाऊ म्हनते. दुसरं काय म्हनन?" ती म्हणाली. "कडूबाकडं चाला."

८

नांदुऱ्यापर्यंत ते आगगाडीनं गेले आणि पुढं भाड्याच्या बैलगाडीनं. सातपुडा जवळ येत गेला तसा इंद्रभानचा उजवा कानही मिटत गेला. आधी बैलांची घुंगरं गेली, मग चाकांची करकर. गाव दिसू लागलं तेव्हा जगात एकच आवाज उरला होता.

कडूबा खळ्यावर होता. तिवईवर उभा राहून उडीद उपणत होता. धुळीसाठी त्यानं तोंडावरून उपरणं गुंडाळून मागं गाठ मारली होती. नुसते डोळे दिसत होते. खालून एक म्हातारी सूप भरून देत होती. वच्छलाबाई गाडीपाशी थांबली.

इंद्रभान तिवईपुढं जाऊन उभा राहिला. वर पाहून बोलला. आपला आवाज मोठा निघतो आहे की बारीक, हे त्याला कळत नव्हतं.

"कडूबाभाऊ, शालूबाईनं आवाज देला होता. मले म्हनूनच देला होता. मी बहिरा होतो. मले मालूम होतं का मी बहिरा हाये. मी कोनाले सांगतलं नाई. साहेबाले नाई, तुमाले नाई. तुमी हात जोडले तवाबी नाई."

कानातला आवाज क्षीण झाला, थरथरला, थांबला. दम घेतला.

आणि सुरू झाला नाही.

इंद्रभान वाट पाहत राहिला. इतकी शांतता त्यानं आयुष्यात अनुभवली नव्हती. जिनात खांबापाशी कावळ्याची नखं तरी वाजली होती. इथं काहीच नव्हतं. घेतलेला दम कोणीतरी रोखून धरला होता. तीही ऐकते आहे, हे त्याला समजलं.

कडूबानं सूप खाली ठेवलं. उपरण्याचं कापड नाकापाशी आत ओढलं गेलं, बाहेर फुगलं, पुन्हा आत गेलं. तो बोलत होता. बराच वेळ बोलला. म्हातारीनं कपाळाला हात लावला. कडूबाच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण डोळ्यांतलं पाणी रागाचं की कशाचं, हे कोणाला वाचता येतं? इंद्रभान त्या कापडाकडं पाहत राहिला. त्याच्यामागं ओठ होते. त्यानं हात पुढं केला, उपरणं खाली ओढावं म्हणून, आणि मागं घेतला. तेवढा हक्क त्याला नव्हता.

"मले ऐकू येत नाई, भाऊ," तो म्हणाला. "मले काहीच ऐकू आलं नाई."

कडूबानं त्याच्याकडं एकदा पाहिलं, सूप उचललं आणि वाऱ्यावर धरलं. भुसा उडून इंद्रभानच्या अंगावर येऊ लागला.

तो गाडीपाशी परत आला. वच्छलाबाईनं सगळं ऐकलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं.

"काय म्हनला तो?"

तिनं ओठ मिटून घेतले.

"वच्छला, काय म्हनला कडूबा? माफ केलं का शाप देला? एवढं सांग."

ती गाडीत चढून बसली. तो चढला. ती त्याच्यापासून सरकून, अगदी कडेच्या दांडीला चिकटून बसली, इतकी की मधे आणखी एक माणूस सहज मावलं असतं. गाडी हलली. उन्हं उतरली होती, वाटेच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती आणि कशाचाही आवाज नव्हता. इंद्रभाननं पुन्हा विचारलं. ती पाहत होती, पण त्याच्याकडं नाही. त्याच्या आणि तिच्या मधल्या रिकाम्या जागेकडं.

मग तिनं पदर सावरला, त्या जागेकडं जराशी वाकली, कान दिल्यासारखी, आणि मान डोलावली. तिचे ओठ हलले. ते वाचायला इंद्रभानला काहीच कष्ट पडले नाहीत.

"हाव वो बाई," वच्छलाबाई म्हणत होती. "नाई सांगत मी त्याइले."